उजवा हात, प्रमाणित, नग एक

रोहे येथील कडधान्य यंत्र व प्रक्रिया संशोधन उपकेंद्रात गेली अकरा वर्षे एकाच प्रश्नावर संशोधन चालू आहे. भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणलेल्या कडव्या वालाची साल माणसाच्या बोटांशिवाय कशी काढावी, हा तो प्रश्न. ऐकायला बारीक वाटतो, पण ज्याने एकदा तरी घरी वालाचं बिरडं केलंय त्याला विचारा. खायला दहा मिनिटं लागतात आणि सोलायला अख्खी दुपार जाते. शिवाय वाल सालीतून अख्खा निघाला पाहिजे आणि वरचा मोड शाबूत राहिला पाहिजे. पेण-रोह्याकडे पाहुण्याच्या ताटात तुटका वाल पडला, तर त्या घरच्या सुनेचं माहेर काढतात.

अकरा वर्षांत उपकेंद्राने सहा यंत्रं बनवली. वाल सोलणी यंत्र म्हणून त्यांना 'वासोयं' असं नाव दिलं होतं. वासोयं-१ ने वालाची चटणी केली. अहवालात लिहिलं गेलं की साल शंभर टक्के निघाली, मात्र वाल उरला नाही. वासोयं-२ ने वाल छतावर मारले. त्यातले काही अजून तिथेच चिकटून आहेत. वासोयं-३ ने मोड काढला आणि साल तशीच ठेवली. वासोयं-४ सुरूच झालं नाही, त्यामुळे त्यात मोडतोडीचं प्रमाण शून्य आलं, आणि त्यावरच्या निबंधाला एका परिषदेत पारितोषिक मिळालं. पाचव्या आणि सहाव्या यंत्राबद्दल प्रकल्पप्रमुख डॉ. हितेश गुंजाळ यांना बोलायला आवडत नसे.

डॉक्टर हितेश माणूस सरळ होता. मूळचे ते जळगावकडचे. केळ्याच्या बागेत वाढलेले, त्यामुळे ज्या वस्तूची साल काढायला अकरा वर्षं लागतात अशी वस्तू त्यांनी नोकरीला लागेपर्यंत पाहिलीच नव्हती.

नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या हमिदाबीला मात्र हे यंत्र मनापासून हवं होतं. सबंध तालुक्यात अशी ती एकटीच असावी. बाकीच्यांना ते बढतीसाठी, निबंधासाठी किंवा उद्घाटनासाठी हवं होतं. हमिदाबी बत्तीस वर्षं वाल सोलत होती. लग्नघरं, खानावळी, पेणचं एक दुकान, सगळीकडे तिचे वाल जात. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात वाल धरायचा, हलकेच दाबायचा, की वाल परातीत आणि साल बोटांत. दिवसाला हजारो वाल. बत्तीस वर्षांचा हिशोब कुणी केला नाही, पण तिच्या उजव्या अंगठ्याने ठेवला होता. त्याचं पेर सुजून सुपारीएवढं झालं होतं. सकाळी चहाचा कप त्या हातात धरवत नसे, आणि अंगठ्याची कातडी इतकी गुळगुळीत झाली होती की रेशन दुकानातलं मशीन तिला ओळखत नसे.

"दोन-तीन महिने अंगठ्याला पूर्ण विश्रांती द्या," दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं.

"मंग अंगठा हितंच ठेवून जाऊ काय?" हमिदाबी म्हणाली. डॉक्टर हसले. तिला काही हसू आलं नाही, कारण रात्री तो ठणकायचा तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

तर सरकार वाल सोलायचं यंत्र करतंय हे कानावर आल्यावर ती मोड आलेल्या वालांचा डबा घेऊन, कुंडलिकेवरचा पूल ओलांडून, सरळ उपकेंद्रात गेली. "तुमाला लागतील तेवढे वाल मी आनते," ती म्हणाली, "लागंल ते सांगते. पन यंत्र बनवा."

अकरा वर्षांत प्रथमच वाल सोलणारं माणूस उपकेंद्रात आलं होतं. डॉक्टर हितेश यांनी वही उघडली. "सोलण्याआधी तुम्ही वाल गरम पाण्यात टाकता. पाणी किती गरम?"

"हाताला सोसंल इतकं."

"म्हणजे किती अंश?"

"सोसतंय म्हंजे सोसतंय. आता ह्या चहाला ठेवलेल्या पान्यात घाला हात."

डॉक्टरांनी हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. भांडारपाल दत्तात्रेय तिथेच उभा होता, पेणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. त्याने हात घातला आणि म्हणाला, "कोमट हाय." हमिदाबी म्हणाली, "बघा. जसा हात तसं पानी."

डॉक्टर हितेश खुर्चीत बसले. सहा यंत्रं का फसली ते त्यांना त्या क्षणी उमगलं. उपकेंद्रात तापमापक नऊ होते, पण सोसण्याचं माप एकही नव्हतं. मापाशिवाय संशोधन होत नाही, आणि माप आधी प्रमाणित करून घ्यावं लागतं. पुढच्याच आठवड्यात हमिदाबीला जीपमधून शहरातल्या एका मोजमापांच्या प्रयोगशाळेत नेण्यात आलं. तिथे तिचा हात तीन घमेल्यांत तीन-तीन वेळा बुडवला. चौथ्या घमेल्यात तिने आपणहून रुमाल धुऊन घेतला. संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं: 'हात, उजवा. सोसणूक त्रेचाळीस अंश, अधिक-उणे अर्धा. वैधता एक वर्ष. कोरड्या जागी ठेवावा. पडू देऊ नये.'

"आता यंत्र व्हनार?" हमिदाबीने परतताना विचारलं.

"आता अर्धं झालंच समजा," डॉक्टर म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पहिल्या तारखेपासून हमिदाबी रोज उपकेंद्रात यायची असं ठरलं. दारातच हजेरीचं मशीन होतं. तिने अंगठा ठेवला. आतून एक गोड आवाज आला, कृपया पुन्हा प्रयत्न करा. तिने पुन्हा ठेवला. अकरा वेळा तिने प्रयत्न केला आणि अकरा वेळा आवाज तितकाच गोड आला.

दत्तात्रेय बाहेर आला. हजेरीपट, किल्ल्या आणि शिक्के हे सगळं त्याच्याकडेच होतं. "हमिदाबी, तुमी आलाव हे मला दिसतंय. पन मशीनला दिसत नाय. आनि मशीनला नाय दिसलं तर वर कुनालाच दिसत नाय."

"मंग मी घरी जाऊ?"

"घरी कशा जाल? तुमी आलाच नाय, तर जाल कशा?"

यावर हमिदाबी पायरीवरच बसली. दत्तात्रेय वाईट माणूस नव्हता. वीस वर्षं सरकारी भांडार सांभाळून त्याला एक कळलं होतं, की माणसाला आत घ्यायला शंभर कागद लागतात आणि वस्तूला एकच. त्याने तिचं प्रमाणपत्र पुन्हा वाचलं. हात, उजवा. प्रमाणित. म्हणजे उपकरण. उपकरणाला हजेरी लागत नाही. त्याने आतून जडवस्तू संग्रह नोंदवही आणली आणि पायरीवर तिच्याशेजारी बसला.

"बनावट कुठली?"

"माजी? अष्टमीची."

"उत्पादन वर्ष?"

"आमची आई सांगायची, मोठ्या पुराच्या आदी दोन वर्सं."

"हमी?"

"कुनी दिली नाय."

"सोबत काय सुटे भाग?"

"डावा हात हाय."

दत्तात्रेयने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'उजवा हात, प्रमाणित, नग एक. सोबत डावा हात, विनामूल्य.' मग पांढऱ्या ऑइलपेंटने तिच्या बांगडीवर ४७ हा आकडा घातला आणि त्यावर फुंकर मारली.

"आनि उरलेली मी?" हमिदाबीने विचारलं.

"ते आवेष्टन. नोंद फक्त आतल्या वस्तूची व्हते."

खरं सांगायचं तर सुरुवातीचे दिवस मजेत गेले. बाई म्हणून हमिदाबीला रोह्यात बत्तीस वर्षांत जे मिळालं नव्हतं, ते उपकरण म्हणून आठ दिवसांत मिळालं. उपकरणांच्या नियमावलीत लिहिलं होतं की संवेदनशील उपकरण उन्हात ठेवू नये, म्हणून तिला पंख्याखाली जागा मिळाली. दर दोन तास वापरानंतर अर्धा तास थंड होऊ द्यावे, म्हणून तिला विश्रांती मिळाली. दर सोमवारी वंगण द्यावे, म्हणून दत्तात्रेय खोबरेल तेलाची वाटी आणून ठेवी. ने-आण करताना धक्के बसू नयेत, म्हणून जीप थेट अष्टमीत दारापर्यंत येई आणि तिला पुढच्या सीटवर बसवी. डॉक्टर हितेश मागे बसत. मोबदला 'देखभाल व दुरुस्ती' या शीर्षाखाली निघे, आणि यंत्राचा खर्च कधी अडत नसल्यामुळे तो वेळेवर निघे.

फक्त अंगठा दुखायचा थांबत नव्हता. सोलायचे वाल तेच होते. उपकेंद्रात ते नमुना म्हणून सोलायचे, तुलनेसाठी सोलायचे, तुलना चुकली तर पुन्हा सोलायचे. एकदा पेर फारच सुजलं तेव्हा तिने चार दिवसांची रजा मागितली.

दत्तात्रेयने नियमावली चाळली. "उपकरनाला रजा नसते, हमिदाबी. बिघाड असतो. आनि बिघाडाला तीन दुरुस्तीवाल्यांची दरपत्रकं लागतात."

"ऱ्हाऊ दे मंग," ती म्हणाली. यंत्र आता होतच आलंय, डॉक्टरसाहेब रोज म्हणतायत, एवढं सोसलं तर आणखी थोडं, असा तिने विचार केला. भोळी होती असं नाही. अंगठा ठणकत असला की माणूस अहवालांवरही विश्वास ठेवतो.

वर्ष सरता सरता वासोयं-७ तयार झालं. माणसाएवढी उंच पोलादी पेटी, वर रंगीत दिवे, पुढे काचेची पट्टी. पाहायला वरिष्ठांची समिती येणार होती, आणि प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा हे समिती तिथेच ठरवणार होती. आदल्या दिवशी दुपारी चाचणी घेतली. यंत्राने दोनदा आचका दिला, चार वाल गिळले आणि खालून तेल सोडलं. वाल परत आले नाहीत.

डॉक्टर हितेश डोकं धरून बसले. मग त्यांची नजर पंख्याखाली बसलेल्या हमिदाबीवर गेली. मग पेटीवर गेली. पेटीत एक माणूस सहज मावत होतं.

"दत्तात्रेय," ते हळूच म्हणाले, "नोंदवहीतलं एक उपकरण दुसऱ्या यंत्रात बसवायला नियमाची आडकाठी आहे का?"

"आडकाठी नाय, साहेब. त्याला जोडनी म्हंतात."

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. दिवे लागले. वरच्या तोंडातून वाल आत गेले, आत जरा खुसपुस झाली, आणि काचेच्या पट्टीवरून सोललेले वाल एकामागून एक येऊ लागले. अख्खे, पांढरेशुभ्र, प्रत्येकाचा मोड शाबूत. अध्यक्षांनी एक उचलून चष्म्याजवळ धरला.

"मोडतोड?"

"हजारात तीन, सर."

"आवाज फारच कमी आहे. मधेच काहीतरी गुणगुणल्यासारखं होतं."

"ते लयीत चालतं, सर."

"वीज किती खातं?"

डॉक्टर हितेश यांना खोटं बोलता येत नसे. "दोन कप चहा आणि दुपारी एक भाकरी," ते म्हणाले. "सोबत सुकट असेल तर वेग वाढतो."

समितीने ते लिहून घेतलं. मग अध्यक्ष सावकाश म्हणाले, "जैवइंधन!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रकल्पाला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. तिथेच सोललेल्या वालांची विक्रीही सुरू करावी असं ठरलं. महिन्याभरात नागोठण्यापासून पेणपर्यंत हमरस्त्यावरच्या दुकानांत पोह्या-पापडांच्या शेजारी चकचकीत पाकिटं लागली: 'पूर्णपणे यंत्राने सोललेले वाल. मानवी हाताचा स्पर्श नाही.'

मागणी इतकी वाढली की पेटीतल्या हमिदाबीला ती पुरी करता येईना. तेव्हा शेजारच्या वरसे गावातून दोन बायका आणल्या. त्यांचेही अंगठे हजेरीच्या मशीनवर उमटत नव्हते, त्यामुळे काही अडचण आली नाही. दत्तात्रेयने नोंद केली: 'सुटे भाग, नग चार.' पेटी रुंद करून घेतली.

हमिदाबीच्या घरी तिचा धाकटा भाऊ उबेद असे. बावीस वर्षं मस्कतला फिटर म्हणून काम करून तो आता कायमचा परतला होता आणि ओटीवर बसून दुरुस्त करायला काही मिळतंय का ते बघत असे. एके दिवशी जेवताना त्याने पाहिलं की बहीण डाव्या हाताने भाकरी तोडतेय आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवलाय.

"आपा, हात दाखव."

"काय नाय रं."

त्याने हात ओढून घेतला, पेर पाहिलं, आणि एवढा मोठा गडी रडवेला झाला. "यंत्र बनवायला गेलीस ना गो तू? मंग ह्यो अंगठा अजून का सोलतोय?"

तिने सगळं सांगितलं. पेटीचंही सांगितलं. उबेद आधी हसत सुटला, मग उठून भातगिरणीत गेला. भात सोलायला गिरणीत रबराचे दोन रूळ असतात. एक जोरात फिरतो, दुसरा सावकाश, आणि त्या ओढाताणीत टरफल निघतं. उबेदने तेच लहान करून केलं. दोन लाकडी लाटणी, त्यांवर सायकलची ट्यूब ताणून बसवलेली, मधली फट वालाएवढी, आणि खाली जुन्या शिवणयंत्राचं पायडल. दहा दिवस त्याने फट कमीजास्त केली. अकराव्या दिवशी हमिदाबीने पायडल मारलं, वरून मूठभर वाल टाकले, आणि खाली परातीत टपटप सोललेले वाल पडू लागले. साली मागच्या बाजूला.

तिने मोजले. शंभरात तीन तुटले होते.

"तीन तुटले," उबेद जरा शरमून म्हणाला.

"तीन खिचडीत घालू!" हमिदाबी म्हणाली, आणि ती इतकी खूश झाली की दुपारपर्यंत नुसतंच पायडल मारत बसली. वाल संपल्यावर शेंगदाणे घालून पाहिले. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. तिने बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आपला अंगठा पदरात गुंडाळून, काही न करता, नुसता ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ती यंत्र जीपमध्ये घालून उपकेंद्रात घेऊन गेली. उबेद म्हणत होता नको. पण तिचं म्हणणं पडलं की ज्यांनी एवढी वर्षं डोकं फोडलं त्यांना पहिलं दाखवायला पाहिजे.

डॉक्टर हितेश यांनी दार लावून घेतलं. स्वतः पायडल मारलं. मूठभर वाल टाकले, आणखी एक मूठ टाकली. सोललेला वाल हातात घेऊन त्यांनी तो चारी बाजूंनी तपासला.

"याला आधार कशाचा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"भिंतीला टेकवून ठेवलं की ऱ्हातं."

"तसं नाही, हमिदाबी. यावर आधी कुणी काय लिहिलंय?"

"कुनी नाय. उबेदला लिवायचा कंटाळा हाय."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "आपल्या प्रकल्पाचं नाव 'वाल सोलणी यंत्र शोधण्याबाबत संशोधन' असं आहे. यंत्र सापडलं तर संशोधन संपतं. संशोधन संपलं तर उपकेंद्र बंद होतं. मग हे यंत्र तपासायचं कुणी?"

तरी त्यांनी ते रीतसर तपासलं. त्या बाबतीत माणूस प्रामाणिक होता. आठवड्याने दत्तात्रेयने तिला निकालाचा कागद वाचून दाखवला. 'प्रस्तुत यंत्रात मोडतोड शंभरात तीन आढळली. उपकेंद्राच्या वासोयं-७ मध्ये ती हजारात तीन आहे. सबब प्रस्तुत यंत्र दहापट निकृष्ट असल्याने अमान्य. तसेच अर्जदार हे या कार्यालयाचे उपकरण असून उपकरणास अर्ज करता येत नाही.'

"म्हंजे माजं यंत्र माज्याच हातापुढं नापास झालं," हमिदाबी म्हणाली.

"व्हय. आनि निकाल बरोबर हाय," दत्तात्रेय म्हणाला. "तुमच्या हाताची सर कशाला येनार?"

हमिदाबीला राग आला. असा राग तिला वर्षा-दोन वर्षांतून एकदा येई, आणि आला की ती आवाज न चढवता निर्णय घेई. त्या सोमवारी तिने बिघडायचं ठरवलं. तेलाची वाटी बाजूला सारली, हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हलत नाय." ते फारसं खोटंही नव्हतं.

डॉक्टर धावत आले. दत्तात्रेयने बिघाड नोंदला. दुरुस्तीसाठी तीन दरपत्रकं मागवली गेली. हाडांच्या दोन डॉक्टरांनी सांगितलं की आम्ही पेशंट तपासतो, दरपत्रक देत नाही. तिसऱ्याने विचारलं की वस्तू दुकानात आणून देणार की आम्ही न्यायची. फाइल वर गेली, तिथून खाली आली, पुन्हा वर गेली. तोवर 'दुरुस्तीअभावी प्रलंबित' असा शेरा मारून उपकरण क्रमांक ४७ त्याच्या मूळ ठिकाणी, म्हणजे अष्टमीला, ठेवण्यात आलं. पेटीतलं काम सुटे भाग बघू लागले.

चार महिने हमिदाबीने अंगठ्याने एक वाल दाबला नाही. पायाने पायडल मारायचं आणि तोंडाने उबेदशी भांडायचं, एवढंच काम. गल्लीतल्या पाच-सहा बायकांना उबेदने तशीच यंत्रं करून दिली. पेणच्या दुकानदाराने त्यांचे वाल आनंदाने घेतले, पण पाकिटावर त्याने आपल्या मनाने छापलं: 'घरगुती. हाताने सोललेले.'

"अरे, मशीनवर सोललेत ते," उबेद म्हणाला.

"चाचा, मशीनचे माझ्याकडं हायत. ते बघा त्या फळीवर," दुकानदार म्हणाला. "एकाच दुकानात दोन मशीनचे ठेवून कसं चालंल? गिऱ्हाइकाला निवड लागते."

वर्षअखेरीस लेखापरीक्षक हैबतराव उपकेंद्रात आले. नोंदवहीतली प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते सही करत नसत. म्हणून जीप पाठवून ४७ क्रमांकाला बोलावून घेतलं. हमिदाबी दारातून आत शिरली, हजेरीच्या मशीनपाशी जुन्या सवयीने थांबली, आणि गंमत म्हणून तिने अंगठा ठेवला.

आतला गोड आवाज म्हणाला, "धन्यवाद. हजेरी नोंदवली."

सगळं कार्यालय उभं राहिलं. हमिदाबीने अंगठा डोळ्यांजवळ नेला. पेराची सूज उतरली होती, आणि कातडीवर बारीक बारीक रेघा परत उगवल्या होत्या, गोल गोल, एकाआत एक. तिने त्या कितीतरी वर्षांनी पाहिल्या. तिला आपली आई आठवली, आणि ती तिथेच दारात हसता हसता रडली.

हैबतरावांना मात्र प्रश्न पडला होता. "नोंदवहीप्रमाणे हे उपकरण आहे. मशीनप्रमाणे ही बाई आहे. यातलं बरोबर काय?"

"दोनी, साहेब," दत्तात्रेय घाबरत म्हणाला. "आधी उपकरन व्हतं. दुरुस्तीला वेळ लागला, म्हनून..."

"म्हणून माणूस झालं?"

"तसंच म्हनायचं."

हैबतरावांनी चष्मा पुसला. कार्यालयाने माणसाला उपकरण म्हणून पेटीत बसवलं असं लिहिलं, तर चौकशी लागली असती आणि त्या चौकशीला त्यांनाच यावं लागलं असतं. त्यांनी शेरा लिहिला: 'वेळीच देखभाल न झाल्याने उपकरण क्रमांक ४७ चे माणसात रूपांतर झाले असून ते शासकीय कामास कायमचे निरुपयोगी ठरले आहे. निर्लेखन करावे.'

"म्हंजे काय?" हमिदाबीने विचारलं.

"म्हंजे तुमी आता काय कामाच्या नाय," दत्तात्रेय म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. "सुटलाव."

तिने तो कागद लॅमिनेट करून घेतला. जाताना ती पेटीजवळ वाकली आणि वरशाच्या दोघींना म्हणाली, "गो, निघा तुमीपन. उबेद यंत्र करून देईल."

आतून आवाज आला, "येतो गो, पन आमच्या बिघाडाचं दरपत्रक अजून यायचं हाय."

गेल्या रविवारी हमिदाबी पाकिटं पोचवायला पेणच्या दुकानात गेली होती. रेशनवरची साखर नुकतीच घेतली होती, तीही एका अंगठ्यात, त्यामुळे मन प्रसन्न होतं. मुंबईकडची एक मोटार थांबली. एक बाई उतरल्या, चांगल्या घरच्या, बोलायला गोड. त्यांनी दोन्ही पाकिटं हातात घेऊन उजेडात धरली.

"हे बघ," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यात काही वाल तुटलेत, म्हणजे हे खरंच हाताचे. आणि हे सगळे एकसारखे अख्खे, म्हणजे यंत्राचे. कळतं लगेच." मग त्यांचं लक्ष हमिदाबीकडे गेलं, तिच्या हातांकडे गेलं, आणि त्यांचा चेहरा कळवळला. "मावशी, तुम्हीच सोलता का हे? किती दुखत असतील हो बोटं!"

"आता नाय दुखत," हमिदाबी म्हणाली. "ताई, तुटके न्या. अख्ख्यात अंगठे जातात."

बाईंना ते काही समजलं नाही. त्यांनी तुटक्या वालांचं पाकीट हळुवारपणे फळीवर परत ठेवलं आणि अख्ख्या वालांची चार पाकिटं घेतली. "नको बाई," त्या म्हणाल्या, "कुणाच्या बोटांना त्रास देऊन खाल्लेलं आपल्याला नाही पचत."

तुम्हीही हीच उचलली असतीत. कदाचित तुमच्याकडे असतीलही. बिरडं करण्याआधी एकदा ताटात पसरून बघा, आणि सगळे अख्खे निघाले, तर वरशाच्या त्या दोघींचं दरपत्रक अजून आलेलं नाही असं समजा.